दुसरा पासपोर्ट लपवू नका, ताई

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. आम्ही शाहूपुरीतले. माझा धाकटा भाऊ वीस-बावीस वर्षांपूर्वी नोकरीला इंग्लंडला गेला आणि 2011 मध्ये त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं. त्याची बायको कॅनडात जन्मलेली. मधली पाच-सहा वर्षं ते टोरोंटोला होते, तेव्हा त्याला कॅनडाचंही नागरिकत्व मिळालं. आता घर लीड्सला आहे. भारतात यायला ओसीआय कार्ड आहे. वडील गेल्यावर कसबा बावड्यातला प्लॉट विकायचं ठरलं. गेल्या वर्षी भावानं एका गृहस्थांना संचकारपत्र (विक्रीचा करार) करून दिलं, इसाराचे अठरा लाख घेतले. पुढं चुलत्यांनी हिश्श्याचा वाद काढला आणि खरेदीपत्र अडलं. पैसे लगेच परत देता आले नाहीत, म्हणून त्या गृहस्थांनी फसवणुकीची फिर्याद दिली. भाऊ आईला भेटायला आला आणि त्याला अटक झाली. आज कळंबा जेलमध्ये 38 दिवस झाले. खालच्या कोर्टानं आणि सेशन कोर्टानं जामीन नाकारला. निकालात लिहिलंय, ‘आरोपी परदेशी नागरिक असून देश सोडून गेल्यास त्यास परत आणणे दुरापास्त होईल.’ पोलिसांना फक्त ब्रिटिश पासपोर्ट माहीत आहे. कॅनडाचा लीड्सच्या घरी आहे. माझे मिस्टर म्हणतात, त्याचं नावच काढायचं नाही, एक पासपोर्ट जमा केला की झालं. भेटीला गेले तेव्हा भाऊही तेच म्हणाला. माझं मन धजत नाही. दोन देशांचं नागरिकत्व असणं हा गुन्हा आहे का? मी जामीनदार राहिले तर माझ्या फ्लॅटचं काय होईल? आईला अजून काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तो मुंबईला कामात अडकलाय. – एक बहीण

उत्तर : ताई, तुमचं मन धजत नाही, ते मनाचं ऐका. दुसरा पासपोर्ट लपवायचा नाही. पण तुम्ही स्वतः उठून पोलीस ठाण्यात सांगायलाही जाऊ नका. आधी तुमच्या वकिलांना सांगा. त्यांनी कळंब्याला जाऊन भावाशी बोलावं, आणि मग जामीन अर्जातच, पहिल्या-दुसऱ्या परिच्छेदात, दोन्ही नागरिकत्वं स्वच्छ लिहावीत.

कारण सांगते. भावाचा मोबाईल पोलिसांकडे जप्त असणार. त्यात कॅनडाच्या पासपोर्टचा फोटो, विमानाचं जुनं तिकीट, तिकडच्या कराचा एखादा ईमेल, काहीतरी सापडेलच. आज अर्जात ‘माझा पासपोर्ट जमा करतो’ असं लिहायचं आणि उद्या सरकारी वकिलांनी दुसऱ्या पासपोर्टची झेरॉक्स न्यायमूर्तींपुढे ठेवायची, असं झालं तर जामीन तर जाईलच, पण पुढच्या प्रत्येक अर्जात ‘या आरोपीनं न्यायालयापासून माहिती दडवली’ हे वाक्य त्याच्या मागे लागेल. खोट्या माहितीवर मिळवलेला जामीन रद्द होतो. आज त्याच्यावर संशय फक्त परदेशी असल्याचा आहे. लपवलंत तर तो स्वभावाचा होईल, आणि तो धुऊन निघत नाही.

दोन नागरिकत्वं असणं गुन्हा नाही. ब्रिटन आणि कॅनडा दोन्ही देश आपल्या नागरिकाला दुसरं नागरिकत्व ठेवू देतात. आपला देश देत नाही. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 9 प्रमाणे 2011 मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतलं त्याच क्षणी तुमच्या भावाचं भारतीय नागरिकत्व संपलं. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती, नागरिकत्व नव्हे. कोल्हापुरातली बरीच कुटुंबं त्या कार्डाला ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात आणि मग कोर्टात ‘परदेशी’ हा शब्द ऐकून हबकतात. कायद्याच्या नजरेत शाहूपुरीत वाढलेला तुमचा भाऊ परदेशी आहे, हे कटू असलं तरी खरं आहे. मात्र जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं राज्यघटनेचं कलम 21 फक्त नागरिकांसाठी नाही, ते प्रत्येक व्यक्तीसाठी आहे. जामिनाचा विचार त्या कलमाच्या उजेडात होतो, म्हणून परदेशी पासपोर्ट एवढ्या एका कारणावर कुणाला तुरुंगात ठेवता येत नाही.

आता त्या निकालातल्या वाक्याकडे येऊ. ‘परत आणणे दुरापास्त.’ मी न्यायाधीशांना दोष देत नाही. पळालेले बडे लोक रोज टीव्हीवर दिसतात, ती भीती त्यांच्याही मनात असणार. पण हे वाक्य म्हणजे एक विधान आहे आणि ते कागदावर तपासता येतं. ते तपासूनच खोडायचं असतं. जामिनाच्या वेळी कोर्ट मुख्यतः तीन गोष्टी बघतं : आरोपी पळेल का, पुरावा बिघडवेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का. तुमच्या प्रकरणात पुरावा म्हणजे संचकारपत्र आणि बँकेचं खातं, दोन्ही पोलिसांकडे. त्यामुळे सगळं ओझं पहिल्या प्रश्नावर आलंय. तिथं प्रत्यार्पणाचा, म्हणजे पळालेला आरोपी एका देशानं दुसऱ्या देशाच्या हवाली करण्याचा, कायदा महत्त्वाचा ठरतो, कारण पळाला तर आणता येईल का, याचं उत्तर तो कुठल्या देशात जाईल त्यावर बदलतं.

आखातातलं उदाहरण घ्या. भारताचा संयुक्त अरब अमिरातीशी प्रत्यार्पण करार आहे, पण त्यात एक देश आपला स्वतःचा नागरिक दुसऱ्याच्या हवाली करत नाही, फार तर आपल्याच न्यायालयात खटला चालवतो. फ्रान्स आणि जर्मनीही आपला नागरिक भारतासारख्या देशाकडे पाठवत नाहीत. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा यांची परंपरा वेगळी आहे. अमेरिकेशी 1997 मध्ये झालेल्या करारात तर स्पष्टच लिहिलंय की, मागितलेला माणूस आमचा नागरिक आहे या कारणावर नकार देता येणार नाही. ब्रिटनशी आपला करार 1992 चा, कॅनडाशी 1987 चा. दोन्ही देश आपले नागरिकही पाठवतात. म्हणजे तुमच्या भावाकडे ज्या दोन देशांचे पासपोर्ट आहेत, त्या दोन्ही देशांतून त्याला कायद्यानं परत आणता येतं. दुसरा पासपोर्ट उघड केल्यानं बाजू पडते असं तुमच्या घरात वाटतंय. पण त्या पासपोर्टसोबत हा करारही अर्जात जोडता येतो, याचा विचार झालेला दिसत नाही. तो पासपोर्ट अशा एखाद्या देशाचा असता, ज्याचा आपल्याशी करारच नाही, तर मला हे पत्र वेगळं लिहावं लागलं असतं.

सरकारी वकील तरीही म्हणतील, करार कागदावर असतो. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, आणि तुमच्या वकिलांनी त्याची तयारी ठेवावी. ब्रिटनशी करार 1992 मध्ये झाला, त्याखाली पहिला आरोपी भारतात यायला 2016 उजाडलं, आणि त्यानं तर स्वतःच संमती दिली होती. पंजाबात 2000 मध्ये झालेल्या एका खुनासाठी कॅनडानं आपल्याच दोन नागरिकांना भारताच्या ताब्यात दिलं, ते 2019 मध्ये. म्हणजे येतात, पण वर्षं जातात. कोर्टाला ही वर्षं दिसतात.

तरी एक नाव तुमच्या वकिलांनी जरूर वापरावं : संजीव चावला. 2000 च्या क्रिकेट सामनानिश्चितीच्या प्रकरणातला हा आरोपी ब्रिटिश नागरिक. त्यानं ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं प्रत्यार्पणाला विरोध केला. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याला दिल्लीत आणलं. आणि त्याच वर्षी एप्रिल महिनाअखेर दिल्लीच्या न्यायालयानं त्याला जामीन दिला. इतक्या झगड्यानं आणलेल्या ब्रिटिश नागरिकाला जर जामीन मिळू शकतो, तर स्वतःच्या पायानं आईला भेटायला आलेल्या माणसाला का मिळू नये, हा प्रश्न न्यायमूर्तींपुढे नम्रपणे पण ठामपणे ठेवता येतो.

उलट बाजूचं उदाहरणही तुम्हाला माहीत असावं, कारण समोरून ते येईल. मुंबई हल्ल्याच्या प्रकरणातला तहव्वूर राणा मूळचा पाकिस्तानी, नागरिक कॅनडाचा, राहायला शिकागोत. भारतानं त्याला मागितलं तेव्हा 2020 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयानं त्याला जामीन नाकारला. कॅनडाशी त्याचे धागे आहेत, तिकडे गेला तर भारतातल्या फाशीच्या शक्यतेतून तो सुटू शकेल, हे त्या न्यायालयानं विचारात घेतलं. एप्रिल 2025 मध्ये त्याला भारतात आणलं गेलं. ‘कॅनडाचा पासपोर्ट’ एवढं साम्य धरून कुणी हे प्रकरण तुमच्या भावावर लावू पाहील, तर फरक सांगायचा. राणाचा अर्ज हा मुळात प्रत्यार्पणाच्या खटल्यातला होता, आणि अमेरिकेत तशा खटल्यात 1903 पासूनचा नियम आहे की विशेष कारण असल्याशिवाय जामीन द्यायचा नाही, कारण आरोपी पळाला तर दुसऱ्या देशाला दिलेला शब्द मोडतो. आपल्या 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यात तसं नाही. त्याच्या कलम 25 मध्ये म्हटलंय की इथं पकडलेल्या फरारी आरोपीलाही जामिनाच्या नेहमीच्याच तरतुदी लागू. आणि तुमच्या भावाचं प्रकरण प्रत्यार्पणाचं नाहीच, तो साध्या फौजदारी गुन्ह्यातला आरोपी आहे. शिवाय अठरा लाखांचा इसार आणि अतिरेकी हल्ला यांची तुलना कुणी करू नये.

नागरिकत्व केव्हा घेतलं, यालाही वजन असतं. नीरव मोदीला मार्च 2019 मध्ये लंडनला जामीन नाकारताना तिथल्या न्यायाधीशांनी त्यानं वानुआतू या बेटराष्ट्राचं नागरिकत्व मिळवायचा प्रयत्न नेमक्या अडचणीच्या काळात केला, याची नोंद घेतली. मेहुल चोक्सीनं 2017 च्या अखेरीस अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं आणि जानेवारी 2018 मध्ये देश सोडला. असे पासपोर्ट पळायची वाट म्हणून घेतलेले दिसतात. तुमच्या भावाचे दोन्ही पासपोर्ट नोकरी आणि लग्नातून आले, आणि दोन्ही या व्यवहाराच्या कितीतरी आधीचे आहेत. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रांवरच्या तारखा अर्जाला जोडल्या की हे शब्दांत सांगायची गरजही फार उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं पी. चिदंबरम यांच्या प्रकरणात 22 ऑक्टोबर 2019 ला जे सांगितलं, ते तुमच्या अर्जाचा कणा असायला हवं. इतर काही आरोपी देश सोडून पळाले म्हणून समोरच्या आरोपीला जामीन नाकारता येणार नाही, त्याचं प्रकरण त्याच्या स्वतःच्या वागण्यावर तोलायचं, असा त्याचा आशय आहे. माझ्या मते सेशन कोर्टाच्या निकालात हेच तोलणं राहून गेलंय. दुसरा उपयोगी निकाल फ्रँक व्हायटस या नायजेरियन आरोपीचा, 8 जुलै 2024 चा, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयां यांचा. मोबाईलवर गुगलची पिन टाकून पोलिसांना सतत ठावठिकाणा दाखवा, ही अट त्यांनी खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवली. आणि ‘आरोपी देश सोडणार नाही’ असं प्रमाणपत्र वकिलातीकडून आणाच, ही अटही सरसकट घालता येणार नाही, वकिलातीनं ते दिलं नाही तर कोर्ट पासपोर्ट जमा करणं आणि पोलीस ठाण्यात हजेरी यांसारख्या अटी घालू शकतं, असं म्हटलं. तेव्हा मुंबईच्या ब्रिटिश उपउच्चायुक्तालयाकडून कागद आला नाही म्हणून हातपाय गाळू नका. ते लोक भावाची विचारपूस करतील, वकिलांची यादी देतील. जामीन मिळवून देणं त्यांच्या हातात नाही.

पुढचा अर्ज उच्च न्यायालयात करायचा. त्यासाठी आता रात्रीची गाडी पकडून मुंबईला जावं लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू झालंय. इथल्या वकिलांनी आणि लोकांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलन केलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अर्जात आधीचे दोन्ही नामंजूर अर्ज नमूद करायला विसरू नका, ते लपवणंही अंगाशी येतं.

त्या अर्जात न मागता देऊ करायच्या गोष्टी अशा. दोन्ही पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड न्यायालयात जमा करतो. त्यासाठी वहिनींना लीड्सहून कॅनडाचा पासपोर्ट आजच कुरिअर करायला सांगा. तो तुमच्या वकिलांच्या हातात असताना अर्ज सुनावणीला आला तर फार फरक पडतो. नवा किंवा तातडीचा पासपोर्ट कुठल्याही वकिलातीकडे मागणार नाही, असं हमीपत्र देतो. सरकारी वकिलांचा हुकमी मुद्दा हाच असतो की जमा केलेला पासपोर्ट ‘हरवला’ सांगून माणूस तात्पुरता मिळवतो, म्हणून दोन्ही देशांच्या वकिलातींना न्यायालयानं कळवावं, अशी विनंती आपणच करायची. विमानतळांवर लुकआऊट नोटीस निघायला आपली हरकत नाही, हेही लिहायचं. इसाराचे अठरा लाख जमवता येत असतील तर हक्क राखून ते कोर्टात जमा करायची तयारी दाखवायची का, हे वकिलांशी बोला. मला स्वतःला वाटतं, दाखवावी. फसवायचा हेतू नव्हता हे सांगायला त्याहून मोठा पुरावा नाही. एक गोष्ट मात्र फार ताणू नका. ‘पळालो तर प्रत्यार्पणाला विरोध करणार नाही’ असं लिहून देता येतं, त्यातून मनाची तयारी दिसते, पण लंडनच्या न्यायालयावर ते बंधनकारक नसतं, आणि न्यायमूर्तींना हे माहीत असतं.

आता 38 या आकड्याबद्दल, कारण पत्रातली मला सर्वांत निकडीची गोष्ट तीच वाटली. फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेचं 318 पोटकलम 4, सात वर्षांपर्यंत शिक्षेचं आहे. (अशा गुन्ह्यात आधी नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं असतं, थेट अटक का केली, हा मुद्दाही अर्जात घ्या.) अशा गुन्ह्यात पहिल्या रिमांडचा दिवस धरून 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. परदेशी असो की इथला, फरक पडत नाही. पण तो हक्क मागावा लागतो. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आधी अर्ज पडला पाहिजे. बावड्याच्या कोर्टात त्या दिवशी सकाळी कारकुनाच्या टेबलावर अर्ज तयार असावा. फिर्यादीत बनावट दस्ताचं कलम 338 लावलं असेल तर मात्र मुदत 90 दिवसांची होते, म्हणून एफआयआरची प्रत आणि नंतर वाढवलेली कलमं आजच तपासून घ्या.

दोषारोपपत्राशी आणखी एक धोका जोडलेला आहे. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल झालं तरी ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकते. आपोआप होत नाही, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. कार्ड गेलं तर खटल्यासाठी इथं राहणाऱ्या माणसाचा व्हिसाचा नवा प्रश्न उभा राहतो.

जामीनदार राहण्याबद्दल. तुमचा फ्लॅट कोर्टात ‘अडकत’ नाही, पण तो तुमच्या ऐपतीचा पुरावा म्हणून जातो. भाऊ तारखेला हजर राहिला नाही तर बंधपत्रातली रक्कम तुमच्याकडून दंडासारखी वसूल होऊ शकते, मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि वसुली झालीच नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेचीही तरतूद आहे. मिस्टरांना हे वाचून दाखवा आणि दोघांनी मिळून ठरवा. तुमचा भावावर भरवसा असेल तर राहा. माझ्या अनुभवात सख्खी बहीण जामीनदार म्हणून उभी राहिली की कोर्टाच्या मनातली पळण्याची शंका पुष्कळ कमी होते. कोर्ट म्हणेल तेवढ्या रकमेचा करवीर तालुक्यातला सातबारा असलेला दुसरा एखादा नातेवाईक मिळाला तर ओझं वाटून घेता येईल.

आणि आई. ताई, तिला सांगावं लागेल. भाऊ इथं कुणाकडे राहणार, त्याचं इथं काय आहे, याचं उत्तर म्हणजे शाहूपुरीतलं घर आणि त्यात राहणारी आई. जामिनाच्या काळात मुलगा माझ्याजवळ याच पत्त्यावर राहील, असं तिचं प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडायचं आहे, तिच्या औषधपाण्याचे कागद जोडायचे आहेत. सही तिचीच लागेल आणि नोटरीसमोर मजकूर तिला वाचून दाखवला जाईल. तिथं अनोळखी माणसाच्या तोंडून कळण्यापेक्षा आज संध्याकाळी तुम्हीच तिच्याजवळ बसून सांगा.